भाव कोणत्या दिवसाचा?

अकोटच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कापसाच्या व्यवहाराला एक ठरलेला क्रम आहे. गाडी उभी राहते, खरेदीदार कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी आणि ओल पाहतात, हर्रास सुरू होतो, बोली थांबते त्या क्षणी क्विंटलचा भाव ठरतो आणि तो पटला तरच शेतकरी गाडी वजनकाट्याकडे वळवतो. आधी भाव कळतो आणि मग माल हातचा सुटतो. म्युच्युअल फंडाच्या व्यवहारात हा क्रम नेमका उलटा आहे: पैसे आधी द्यायचे किंवा युनिट आधी परत करायचे, आणि आपल्याला कोणता भाव मिळाला हे रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचे. हर्रासाची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार पहिल्यांदा फसवणुकीसारखा वाटतो आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. परंतु हा क्रम मुद्दाम उलटा ठेवलेला आहे, तो लहान गुंतवणूकदाराच्या रक्षणासाठी आहे, आणि तो सरळ असता तर काय घडते याचा अनुभव या देशाने, आणि वेगळ्या रूपाने खुद्द वऱ्हाडानेही, घेतलेला आहे.

म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांचे मिळून एक सामाईक पेव. प्रत्येक जण त्यात आपले धान्य ओततो, कोणाचा दाणा कोणता हे नंतर ओळखता येत नाही, आणि प्रत्येकाचा वाटा मापावर मोजला जातो. या मापाला युनिट म्हणतात. फंडाकडे असलेले शेअर, रोखे आणि रोकड यांची त्या दिवसाच्या बाजारभावाने किंमत काढायची, त्यातून देणी आणि खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचे. जे उत्तर येते ते एका युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली एनएव्ही. ही किंमत कोणी ठरवत नाही, ती मोजली जाते, आणि मोजणी दिवसाचा बाजार बंद झाल्यावरच करता येते. मुंबईचा शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो; त्यानंतर हिशेब होऊन रात्रीपर्यंत त्या दिवसाची एनएव्ही जाहीर होते.

आता प्रश्न असा की दिवसभरात आलेल्या अर्जांपैकी कोणाला आजची एनएव्ही द्यायची आणि कोणाला उद्याची. त्यासाठी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, एक रेषा आखून दिली आहे. शेअरमध्ये आणि बहुतेक रोख्यांमध्ये गुंतवणूक करणाऱ्या योजनांसाठी ही रेषा दुपारी ३ वाजता आहे आणि बाजारात तिला कट-ऑफ म्हणतात. ३ च्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही पोहोचले तर त्या दिवसाची एनएव्ही लागू होते, उशीर झाला तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. बाजार साडेतीनला बंद होत असताना रेषा ३ ला का, याला अर्थ आहे. शेअरचा दिवसाचा बंद भाव म्हणजे अगदी शेवटच्या सौद्याचा भाव नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची, त्यांच्या आकारमानाच्या प्रमाणात काढलेली सरासरी म्हणजे बंद भाव, अशी शेअर बाजाराची रूढ रीत आहे. म्हणजे ३ वाजता ज्याने अर्ज दिला त्याच्यापुढे, ज्या भावाने त्याचा हिशेब होणार आहे, तो भाव अजून घडायलाही लागलेला नसतो.

हे अज्ञान सर्वांना सारखे असावे, हाच या नियमाचा गाभा आहे. समजा, एका छोट्या फंडात दहा जण आहेत, प्रत्येकाचे १० युनिट आहेत, कालची एनएव्ही १०० रुपये होती आणि फंडाची एकूण मालमत्ता १०,००० रुपये. आज बाजार कोसळला आणि मालमत्ता ९,४२६ रुपयांवर आली, म्हणजे खरी एनएव्ही ९४ रुपये २६ पैसे. यातील दोघांना पडझड आधी दिसली आणि त्यांना कालच्याच १०० रुपयांच्या भावाने बाहेर पडू दिले, तर ते २,००० रुपये घेऊन जातील. मागे उरतील ७,४२६ रुपये आणि ८० युनिट. एकेका युनिटच्या वाट्याला ९२ रुपये ८२ पैसे. बाजाराने प्रत्येक युनिटमागे ५ रुपये ७४ पैशांचे नुकसान केलेच होते. त्यावर आणखी सुमारे १ रुपया ४३ पैसे, जे गेले त्यांनी, जे राहिले त्यांच्या खिशातून नेले. कोणी चोरी केली नाही, कुलूप तोडले नाही. फक्त शिळा भाव चालू दिला. पेवातून आधी काढणाऱ्याला भरलेले माप आणि मागून येणाऱ्याला तळाची माती, असा हा हिशेब होतो.

शिळ्या भावाचा हा गुण वऱ्हाडला कापसाने शिकवलेला आहे. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती आणि तिच्यात हंगामाच्या सुरुवातीला हमीभाव जाहीर करून राज्यातील सगळा कापूस पणन महासंघामार्फत घेतला जात असे. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या मनमानीतून सोडवण्याचा तिचा हेतू प्रामाणिक होता आणि अनेक वर्षे तिने तो पाळलाही. पण आधी ठरलेला भाव आणि रोज हलणारा बाहेरचा भाव यांत अंतर पडले की कापूस आपली वाट आपणच शोधत असे. बाहेर भाव चढा असला की महाराष्ट्राचा कापूस रात्रीच्या अंधारात शेजारच्या राज्यांत जाई, आणि बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या खरेदी केंद्रांवर येई. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मध्य प्रदेशाच्या सीमेपासून जवळ असलेल्या अकोटसारख्या तालुक्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही वेळा नुकसान योजनेच्या तिजोरीचे, म्हणजे शेवटी सर्वांचे, आणि फायदा ज्याला सीमेपलीकडचा भाव ठाऊक आहे आणि माल हलवण्याची सोय आहे त्याचा. बाजाराला शिस्त लावण्याच्या बाबतीत वऱ्हाड तसे फार जुने आहे: १८८६ साली कारंजा येथे स्थापन झालेली कापूस बाजारपेठ ही देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ मानली जाते, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. भाव उघड्यावर, सर्वांसमोर आणि त्या दिवशीचा असावा, हा आग्रह इथल्या मातीत देशातील म्युच्युअल फंडांच्या आधीपासून आहे.

गुंतवणुकीच्या क्षेत्रात हाच धडा देशाला फार महाग पडला तो यूएस ६४ या योजनेत. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेली ही योजना अनेक वर्षे मध्यमवर्गीय घरांचा आधार होती. शिक्षक, कारकून, निवृत्त लोक तिच्यात बँकेच्या ठेवीइतक्याच निश्चिंतपणे पैसे ठेवत. तिच्या युनिटचा खरेदी-विक्रीचा भाव मात्र मालमत्तेच्या मोजणीतून येत नसे, तो संस्था स्वतः ठरवत असे, आणि तो महिन्यामहिन्याने थोडा थोडा वाढत जाई. वाढता भाव पाहणाऱ्याला योजना सुदृढ वाटे. २००१ च्या उन्हाळ्यात हा भाव १४ रुपयांच्या आसपास होता, तर योजनेकडील शेअरची बाजारातील किंमत एवढी घसरली होती की मोजून काढलेली एनएव्ही १० रुपयांच्याही खाली आली असती. त्या वर्षी एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत चार हजार कोटींहून अधिक रुपये योजनेतून बाहेर गेले आणि त्यांतील बहुतेक रक्कम मोठ्या कंपन्यांची होती. जुलैच्या आरंभी संस्थेने सहा महिन्यांसाठी खरेदी आणि परतखरेदी दोन्ही थांबवली. ज्यांना आतली नाडी कळत होती ते १४ च्या भावाने निघून गेले आणि ज्यांचा संस्थेवर डोळे मिटून विश्वास होता ते दाराबाहेर उभे राहिले. लहान गुंतवणूकदारांसाठी नंतर ३,००० युनिटांपर्यंत १० रुपयांपासून सुरू होणाऱ्या परतखरेदीची सोय केली गेली, संसदेच्या संयुक्त समितीने प्रकरण तपासले, योजना २००२ पासून एनएव्हीवर आणली गेली आणि २००३ साली संस्थेचे दोन तुकडे झाले. या साऱ्या प्रकरणात शेअर बाजाराची पडझड हे निमित्त होते. खरा घात खोट्या भावाने केला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

अमेरिकेत हा दोष फार आधी ओळखला गेला होता. अर्ज आल्यानंतर जो भाव प्रथम काढला जाईल तोच द्यायचा, असा नियम तिथे १९६८ सालापासून आहे आणि दुपारी ४ ही रेषा त्यातूनच रूढ झाली. तरीही सप्टेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कचे महान्यायवादी एलियट स्पिट्झर यांनी कॅनरी कॅपिटल पार्टनर्स या गुंतवणूकदार संस्थेवरील कारवाई जाहीर केली तेव्हा उघड झाले की काही बड्या ग्राहकांना ४ नंतर, त्या दिवसाच्या बातम्या पाहून झाल्यावर, त्याच दिवसाच्या भावाने व्यवहार करू दिला जात होता. कॅनरीने ४ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले आणि त्यापाठोपाठ कित्येक फंड कंपन्यांची चौकशी झाली. नियम कागदावर असणे पुरेसे नाही, घड्याळाचा ठसा कोणाच्या हातात आहे हेही पाहावे लागते, ही त्या प्रकरणाची शिकवण भारतातील नियमांतही उतरलेली दिसते.

भारतात यापुढचे पाऊल १ फेब्रुवारी २०२१ रोजी टाकले गेले. त्याआधी २ लाख रुपयांपेक्षा कमी रकमेचा अर्ज वेळेत आला की, धनादेश वटायला दोन-तीन दिवस लागले तरी, अर्जाच्या दिवसाची एनएव्ही मिळत असे. म्हणजे पैसे पेवात पडण्याआधीच वाटा मिळत असे आणि मधल्या दिवसांतील चढउताराचा भार इतर युनिटधारकांवर पडत असे. आता रक्कम लहान असो वा मोठी, पैसे प्रत्यक्ष फंडाच्या खात्यात पोहोचल्याशिवाय एनएव्ही लागत नाही. तालुक्याच्या गावातील गुंतवणूकदारासाठी या बदलाचा अर्थ फार व्यवहारी आहे. अकोटात एखाद्या वितरकाकडे दुपारी १२ ला भरलेला अर्ज आणि धनादेश दिला, वितरकाने तो सुमारे ४५ किलोमीटरवरच्या अकोल्याला नेऊन अधिकृत स्वीकृती केंद्रात दिला, तिथे यंत्राने वेळेचा ठसा उमटला आणि धनादेश बँकेत गेला. या साखळीत वितरकाच्या हातात अर्ज दिल्याच्या वेळेला काहीच किंमत नाही. केंद्रातील ठशाची वेळ आणि पैसे पोहोचल्याची वेळ, या दोहोंतील जी नंतरची असेल ती धरली जाते. नेट बँकिंग किंवा यूपीआयने पैसे पाठवले तर हा प्रवास मिनिटांवर येतो, परंतु तिथेही पैसे आपल्या खात्यातून वजा झाल्याची वेळ आणि फंडाच्या खात्यात जमा झाल्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा असतात. मोबाइलवर पावणेतीनला आलेला वजावटीचा संदेश म्हणजे आजच्या एनएव्हीची हमी नव्हे.

हे अंतर किती पैशांचे असू शकते हे ४ जून २०२४ या दिवसावरून कळते. लोकसभेच्या निकालाच्या आदल्या दिवशी, ३ जूनला, सेन्सेक्स ७६,४६९ वर बंद झाला होता. ४ जूनला तो ४,३९० अंकांनी कोसळून ७२,०७९ वर आला आणि ५ जूनला २,३०३ अंकांनी सावरून ७४,३८२ वर गेला. सेन्सेक्सची हुबेहूब नक्कल करणारा एक फंड धरू आणि ३ जूनची त्याची एनएव्ही १०० रुपये मानू. मग ४ जूनची ९४ रुपये २६ पैसे आणि ५ जूनची ९७ रुपये २७ पैसे होते. पडझड पाहून ४ जूनला दुपारी ५०,००० रुपये पाठवणाऱ्याचे अडीच रुपये मुद्रांक शुल्कात गेले. उरलेल्या ४९,९९७ रुपये ५० पैशांत, पैसे ३ च्या आत पोहोचले असतील तर त्याला ५३०.४२ युनिट मिळाले असते, आणि काही मिनिटांचा उशीर झाला असेल तर ५१४.०१. फरक सव्वासोळा युनिटांहून थोडा जास्त, म्हणजे ५ जूनच्या भावाने सुमारे १,६०० रुपयांचा. हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: ३ जूनला, बाजार उंचावर असताना, ज्याचे पैसे उशिरा पोहोचले त्याला त्याच उशिराने ५ रुपये ७४ पैसे स्वस्त युनिट दिले असते. उशीर नेहमी बाधतोच असे नाही, तो केव्हा बाधेल हे आधी सांगता येत नाही, एवढेच.

म्हणूनच या घड्याळाचा पाठलाग करण्यात शहाणपण नाही, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. दुपारी अडीचला निर्देशांक पाहून आज घ्यावे की उद्या हे ठरवणारा माणूस वर्षभरात काही दिवस जिंकतो, काही दिवस हरतो, आणि पंधरा-वीस वर्षांच्या गुंतवणुकीत त्या जिंकण्या-हरण्याचा मागमूस उरत नाही. दरमहा ठरलेली रक्कम आपोआप भरणाऱ्या एसआयपीत तर हा प्रश्न बाजूलाच पडतो. १० तारखेला रविवार आला तर हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी जातो आणि ज्या दिवशी पैसे पोहोचतात त्या दिवसाची एनएव्ही लागते. कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या घराची अडचण वेगळी आहे, कारण तिथे पैसा महिन्याला येत नाही, दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत गाडीगाडीने येतो. अशी ठोक रक्कम आली तर ती एका दिवसाच्या नशिबावर न टाकता आधी लिक्विड फंडात ठेवून तिथून महिन्यामहिन्याला शेअरच्या फंडात वळती करण्याची सोय आहे, तिला एसटीपी म्हणतात.

लिक्विड फंड, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड, याचे घड्याळ मात्र निराळे आहे आणि तिथे वेळ जाणून घेण्याचा फायदा हमखास मिळतो. इथे खरेदीची रेषा दुपारी दीड वाजता आहे आणि तोवर पैसे पोहोचले तर चक्क आदल्या दिवसाची एनएव्ही मिळते. वर ज्या शिळ्या भावाची निंदा केली तोच इथे कसा चालतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की या फंडाची एनएव्ही सहसा उसळत नाही, व्याजाप्रमाणे दररोज किंचित वाढते, तिच्यात लपलेली बातमी नसते, आणि दीडच्या आत आलेला पैसा फंडाला त्याच दिवशी कामाला लावता येतो, म्हणून त्या दिवसाचे व्याज देणाऱ्याला मिळणे न्याय्य ठरते. सुट्टीच्या दिवसांचीही एनएव्ही इथे धरली जाते. त्यामुळे शुक्रवारी दुपारी एकपर्यंत पोहोचलेल्या पैशाला गुरुवारची एनएव्ही मिळून शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस जोडले जातात, तर त्याच शुक्रवारी दोन वाजता पोहोचलेल्या पैशाला रविवारची एनएव्ही लागते आणि ते तीन दिवस हातचे जातात. ३ लाख रुपयांवर वर्षाला साडेसहा टक्के धरले तर ही रक्कम सुमारे १६० रुपये होते. रक्कम मोठी नाही, पण ती तासाभराच्या सावधपणाची मजुरी आहे.

विक्रीच्या वेळी घड्याळापेक्षा दिनदर्शिका अधिक महत्त्वाची ठरते. शेअरच्या बहुतेक फंडांत एका वर्षाच्या आत पैसे काढले तर साधारण १ टक्का कापून घेतला जातो; या कपातीला एक्झिट लोड म्हणतात आणि ती फंडातच राहते, म्हणजे मागे राहणाऱ्यांच्या कामी येते. करालाही हीच वर्षाची सीमा लागू आहे: २३ जुलै २०२४ पासून, १२ महिन्यांच्या आत शेअरच्या फंडातून मिळालेल्या नफ्यावर २० टक्के कर आहे, आणि त्यानंतर विकल्यास वर्षभरातील सव्वा लाखांपर्यंतचा असा नफा करमुक्त असून त्यावरील नफ्यावर साडेबारा टक्के. इथे अनेकांची एक चूक होते. वर्षभर एसआयपी भरली म्हणजे सगळी रक्कम वर्षाची झाली असे ते समजतात, पण प्रत्येक हप्त्याचे वय स्वतंत्रपणे मोजले जाते आणि विकताना आधी घेतलेले युनिट आधी गेले असे धरले जाते. बारावा हप्ता भरून झाल्यावर सगळे युनिट विकणाऱ्याच्या शेवटच्या हप्त्याला एखादाच महिना झालेला असतो. त्यावर लोडही बसतो आणि नफ्यावर २० टक्के करही.

रोख्यांच्या फंडांत मागे राहणाऱ्यांचा विचार अलीकडे आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनच्या सहा रोखे योजना बंद करण्यात आल्या, तेव्हा रोज छापली जाणारी एनएव्ही आणि हातात पडणारे पैसे यांत किती अंतर असू शकते हे सर्वांना दिसले. मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, बाजार विसकटला आहे असे सेबीने जाहीर केले तर अधिक जोखमीच्या रोखे योजनांची एनएव्ही काही प्रमाणात खाली धरली जाते, म्हणजे घाईत रोखे विकण्याचा तोटा निघून जाणाऱ्याने सोसावा. मात्र २ लाखांपर्यंत काढणाऱ्या लहान गुंतवणूकदाराला यातून वगळले आहे.

पैसे केव्हा हवेत हे आधी ठाऊक असणे ही शेतकऱ्याची जमेची बाजू आहे, कारण मृग कधी लागणार हे त्याला शेअर बाजाराच्या कोणाही जाणकारापेक्षा नक्की सांगता येते. शेअरच्या फंडातील विक्रीचे पैसे आता दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. मंगळवारी ३ च्या आत अर्ज दिला तर गुरुवारी. शुक्रवारी सव्वातीनला दिलेल्या अर्जाला मात्र सोमवारची एनएव्ही लागते आणि पैसे बुधवारी हाती येतात. पोळ्याला वऱ्हाडात गावोगावचे व्यवहार थांबतात, मुंबईचा शेअर बाजार थांबत नाही. उलट मुंबईचा बाजार बंद असलेल्या दिवशी अकोटचे कृषी सेवा केंद्र उघडे असते. बियाणे आणि खत ७ जूनच्या आसपास घ्यायचे असेल तर तेवढी रक्कम शेअरच्या फंडातून निदान चैत्र-वैशाखातच, बाजार बरा असेल त्या सुमारास, लिक्विड फंडात आणून ठेवावी. मग मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातील एखाद्या दिवशी ३ च्या आत अर्ज द्यावा. दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे बँकेत असतात आणि त्या दिवशी सेन्सेक्स कुठे आहे हे पाहण्याची गरज उरत नाही.